आधी शेळीला

नळाला पाणी आलं की इराव्वा घागर लावायची नाही. आधी एक पसरट पातेलं लावायची, ते भरलं की उचलून शेळीपुढे ठेवायची आणि कमरेवर हात देऊन उभी राहायची. शेळी मान खाली घालायची, नाक फेंदारायची, पाण्याला ओठ लावून बघायची. ती प्याली की इराव्वा गल्लीकडे तोंड करून म्हणायची, "भरा गं." नाही प्याली तर पातेलं दारातच पालथं घालायची आणि घरात जायची. पालथं पातेलं दिसलं की नळावरच्या बायका एकमेकींकडे बघायच्या आणि हातातल्या घागरी खाली ठेवायच्या.

सोलापुरात आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांनी येतं. चावीवाला कधी चावी फिरवेल ते त्यालाच माहीत. पाणी यायच्या आधी नळ खोकतो, शिट्टी मारतो, मग एकदम धार लागते, आणि ती कधी बंद पडेल याचा भरवसा नसतो. अशा वेळी शेळीचं पिणं होईपर्यंत थांबणं सोपं नाही. मी सून म्हणून या गल्लीत आले तेव्हा मला ते वेडेपणाचं वाटलं होतं. माझं दार इराव्वाच्या दारासमोर. मी उंबऱ्यात बसून विड्या वळायची आणि ती समोर बसून चादरींच्या कडांना गाठी मारायची. मला चारचौघांत बोलायला येत नाही. हे तिने पहिल्याच आठवड्यात ओळखलं आणि म्हणाली, "सुमन, तू बोलू नगंस. मी बोलते, तू नुसती मान हलव." पुढची सगळी वर्षं आम्ही तसंच केलं.

ती मैंदर्गीची. धनगराच्या घरातली. लहानपणी बापाच्या मेंढरांमागे रानोमाळ फिरलेली. नव्या गावाच्या शिवारात मुक्काम पडला, अनोळखी तळं नाहीतर ओढा लागला, की माणसं आधी पाण्याला शिवत नसत. आधी मेंढरं सोडायची. मेंढरं प्याली की बायकांनी भरायचं. "मेंढरू खोटं बोलत न्हाय," इराव्वा सांगायची. "त्येला कुटं मतं मागाय जायचंय." लग्न होऊन सोलापुरात आली, नवरा चादरीच्या कारखान्यात होता, मूलबाळ झालं नाही, पुढे नवराही गेला. मेंढरं राहिली गावाकडे. तिने मैंदर्गीहून एक शेळी आणली, ती म्हातारी झाली की दुसरी, शेवटची पांढरी, चांदी नावाची, आणि बापाची रीत या गल्लीतल्या नळावर चालू ठेवली.

सरकार हा तिचा एकच शब्द होता. चावीवाला, निवडून आलेला वॉर्डाचा मेंबर, वीज तोडायला येणारा माणूस, रेशन दुकानदार, टीव्हीवर हात हलवणारा मंत्री, सगळे तिच्या लेखी सरकारच. "सरकारनं दिलं तर हात पुढं करावा, पर डोळं झाकू नये," असं ती म्हणायची. रस्ता नवा झाला की म्हणायची, "झालं, आता खोदत्यात बघ." आणि खोदायचे. कोपऱ्यावर दिव्याचा खांब लावला तेव्हा ती ठामपणे म्हणाली होती की हा पेटायचा नाही. तो पेटला. तेव्हा म्हणाली, "कुणीतरी मोठा पावना गावात आला आसंल." पण दिवा पुढेही पेटतच राहिला, दिवसाढवळ्यासुद्धा. उन्हाच्या कहरात वर दिवा जळतोय. शेजारची शकुंतला तिला चिडवायला म्हणाली, "काय इराव्वा, लागला की न्हाय दिवा?" इराव्वा वर बघून म्हणाली, "लागला खरा. त्येंना लावायचं जमतंय, इझवायचं न्हाय."

गल्लीने तिला मानायला सुरुवात केली ती एका उन्हाळ्यापासून. त्या दिवशी पाणी स्वच्छ दिसत होतं, वासही नव्हता, पण चांदीने तोंड लावून मान फिरवली. इराव्वाने पातेलं पालथं घातलं. आम्ही काही घरांनी हापशाचं पाणी आणलं. बाकीचे हसले, "शेळीची पोटदुखी असेल," म्हणाले आणि भरलं. तीन दिवसांत त्या घरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. वरच्या बाजूला कुठेतरी लाइन फुटून गटाराचं पाणी आत शिरलं होतं, ते नंतर कळलं. त्यानंतर कुणी हसलं नाही. बाहेरून आलेल्या पाहुण्यालासुद्धा बायका सांगायच्या, थांबा जरा, चांदी पिऊ दे.

मग मोठी योजना आली. रोज पाणी मिळणार, जुन्या गंजलेल्या लाइनी काढून सगळ्या नव्या टाकणार. गल्लीच्या तोंडाशी मोठा बोर्ड लागला. इराव्वाला वाचता येत नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळे सगळ्या बोर्डांचं वाचन माझ्याकडे. मी तिला वाचून दाखवलं. कामाचं नाव, ठेकेदाराचं नाव, आणि खाली कोटींचा आकडा. ती म्हणाली, "एवढं? त्येच्यात तर पाण्याच्या ऐवजी दूध आलं पायजे नळाला."

रस्ता खोदला आणि तसाच सोडला. गल्लीच्या मधोमध लांब चर. कामावरची माणसं कधी यायची, कधी महिनाभर फिरकायची नाहीत. चर खोदताना जुनं गटार फुटलं होतं, त्याचं पाणी चरात साचून काळं पडलं. दुपारच्या उन्हात त्यातून बुडबुडे यायचे. नवा पाइप त्याच पाण्यात आडवा पडलेला. इराव्वा रोज संध्याकाळी चराच्या काठावर जाऊन उभी राहायची, एखादं आजारी माणूस बघायला जावं तशी. एकदा ठेकेदाराचा माणूस आला होता, त्याला म्हणाली, "बाबा, पाइप गटारात निजवलाय की तुमी."

तो म्हणाला, "आजी, प्लास्टिकचा पाइप आहे. त्याला काही होत नाही."

"पाइपाला न्हाय व्हत रे. पिणाऱ्याला व्हतंय."

तो हसला आणि मोटारसायकलला किक मारून गेला.

चांदी त्या चरात पडली. सकाळी दिसली तेव्हा मागचा पाय मोडून लोंबत होता. आम्ही चौघींनी ओढून वर काढली. इराव्वाने तिच्या अंगावरचा काळा चिखल आपल्या लुगड्याच्या पदराने पुसला आणि खाटकाला निरोप धाडला. दुसरा उपाय नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ती एवढंच म्हणाली, "आमच्या कळपात कोकरू मेलं तरी धन्याला इचारायचे, कसं मेलं. हितं कुणाला इचारायचं?"

चांदीची एक पाट, म्हणजे मादी पिल्लू, होती, लाली. ती या गल्लीतच जन्मली. रस्ता खोदल्यामुळे तिला बांधायला दुसरी जागा नव्हती, म्हणून चराच्या काठाला एका खुंटीला असायची. तहान लागली की दोरी ताणून चरातलं पाणी प्यायची. इराव्वा काठी उगारायची, ओढून आणायची, पण किती वेळा ओढणार. आम्ही सगळ्यांनी हे रोज बघितलं. आमच्यापैकी एकीच्याही मनात काही आलं नाही.

शेवटी एकदाची लाइन जोडली, चर बुजवला, वर मुरूम टाकला. मेंबर हार घालून आले. नळाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. इराव्वा माझ्या कानाशी म्हणाली, "नारळ फुटला म्हंजे त्येंचं काम झालं. आपलं आजून ऱ्हायलंय." आणि सगळ्यांसमोर पातेलं घेऊन पुढे गेली. मेंबरांना गल्लीची ही रीत ठाऊक होती, ते हसत बाजूला झाले. लालीने एका दमात पातेलं रिकामं केलं आणि तळ चाटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

इराव्वाने रिकामं पातेलं उचललं. मग तिच्या तोंडावर मी कधी न बघितलेलं हसू आलं. "प्याली की गं," ती म्हणाली. "येकदा तरी खरं बोललं सरकार." त्या दिवशी तिने मेंबरांना घरात बोलावून चहा दिला. मला ते बघून बरं वाटायच्या ऐवजी कसंसंच झालं. जन्मभर न वाकलेलं माणूस वाकताना बघावं तसं.

माझी सून रेश्मा तेव्हा सातव्या महिन्यात होती. बार्शीकडच्या एका वस्तीवरची मुलगी, विहिरीच्या पाण्यावर वाढलेली. नवं पाणी भरलं त्या संध्याकाळी तिने तांब्या तोंडाला लावला आणि खाली ठेवला. "आई, पाण्याला वास येतोय."

मी वास घेतला. मला काही आला नाही. प्रकाशने, माझ्या मुलाने, घेतला. त्यालाही नाही. शकुंतला डोकावून म्हणाली, "अगं, दिवस गेल्यावर सगळ्याचाच वास येतो. मला तर नवऱ्याचा यायचा." सगळ्या हसलो. तरी रेश्मा ऐकेना, म्हणून मी तिला घेऊन समोर गेले. इराव्वाने तांब्या नाकाशी धरला, बराच वेळ. मग पाणी पातेल्यात ओतून लालीपुढे ठेवलं. लाली प्याली.

"पी, लेकी," इराव्वा म्हणाली. "पोटातल्याचे लाड हायत हे. पाणी चांगलं हाय."

रेश्मा प्याली. पुढे रोज प्यायची, नाकाला पदर लावून.

आधी शकुंतलाच्या नवऱ्याचे डोळे पिवळे झाले. मग मागच्या बोळातल्या दोघांचे. लोक उन्हाचं म्हणाले, बाहेरच्या खाण्याचं म्हणाले. एका सकाळी रेश्मा वेणी घालत बसली होती, उजेडात तिने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या हातातलं विडीचं पान खाली पडलं. तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा झाला होता.

मी काविळीच्या औषधासाठी वैदूकडे निघाले होते. इराव्वा आडवी आली. "न्हाय. मोठ्या दवाखान्यात न्यायचं. पोटुशी हाय ती." सरकारी दवाखान्याची पायरी न चढलेली बाई, त्या दिवशी रिक्षात रेश्माचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तिथे आम्ही किती दिवस काढले ते मला नीट आठवत नाही. रेश्मा बोलेनाशी झाली, मग माणसं ओळखेनाशी झाली. लहान लहान वयाच्या डॉक्टर मुली तिच्याभोवती धावत होत्या. एक तर दुपारी डबा उघडून बसली होती, तशीच हात धुऊन पळत आली. इराव्वा व्हरांड्यातून बघत होती. ती मला म्हणाली, "सुमन, माणसं तर चांगली हायत की गं हितं. एकेकटं माणूस चांगलंच असतंय. सगळी मिळून सरकार झालं की मग कुणाचा हात कुटं हाय ते दिसत न्हाय."

रेश्मा वाचली. बाळ गेलं. मुलगी होती. प्रकाशने तिला कपड्यात गुंडाळून नेलं, मी तोंड बघितलं.

कावीळ अशी घराघरांत गेल्यावर साहेब लोक आले. त्याच्या आदल्या दिवशी नळाला वेळ नसताना पाणी आलं होतं आणि त्याला औषधाचा असा दर्प होता की डोळे चुरचुरत होते. इराव्वा म्हणाली, "पावनं येणार म्हणून घर सारवलंय." साहेबांनी त्याच पाण्याच्या बाटल्या भरून नेल्या. पाणी पिण्यायोग्य आहे असं काही दिवसांनी कळवलं. मग गल्लीतल्या बुद्धविहारासमोर मांडव घालून बैठक घेतली. साहेब खुर्चीवर, शेजारी मेंबर, आम्ही खाली सतरंजीवर. साहेब म्हणाले, लाइनमध्ये दोष नाही. लोक नळाला मोटारी लावतात, त्यामुळे बाहेरची घाण ओढली जाते. भांडी झाकून ठेवत नाहीत. पाणी उकळत नाहीत. मग त्यांनी विचारलं, "पाणी पिण्यालायक आहे की नाही हे तुम्ही बघता तरी का?"

मागून कुणीतरी म्हणालं, "बघतो की. इराव्वाची शेळी बघते."

लोक हसले. साहेबही हसले, आणि मेंबरांनी त्यांच्या कानाशी लागून सगळी हकिकत सांगितली. साहेब पुढे झुकले. "आजी, हे पाणी भरा म्हणून तुम्ही सांगितलं होतं?"

मी इराव्वाचा पदर ओढला. ती उठून उभी राहिली. "व्हय. मीच सांगितलं."

"बघा," साहेब मेंबरांना म्हणाले. "आम्ही कोट्यवधी खर्च करतो आणि लोक शेळीवर विश्वास ठेवतात." त्यांचा आवाज मोकळा झाला होता. मोठं ओझं उतरल्यावर होतो तसा.

इराव्वा म्हणाली, "साहेब, माजी शेळी चुकली. मी चुकले. मी हितं उबी ऱ्हाऊन सांगते. तुमच्यातलं कोण चुकलं त्येचं नाव सांगा."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "चौकशी चालू आहे," ते म्हणाले आणि उठले. गाडीपर्यंत मेंबर त्यांच्या मागे छत्री धरून गेले, उन्हासाठी.

मला तेव्हा समजलं की तिने खरं सांगून त्यांची सुटका केली होती. त्यांना एक नाव हवं होतं, ते मिळालं. महिन्याच्या आत गल्लीतही तेच बोलणं सुरू झालं. चराचं नाव कुणी काढेना, ठेकेदाराचं काढेना. शकुंतला, जी इतकी वर्षं "भरा गं" ऐकल्याशिवाय घागर उचलत नव्हती, तीच नळावर म्हणाली, "हिच्या शेळीच्या नादानं पोर गेली त्यांची." इराव्वाने ऐकलं. चराच्या जागी कुणीतरी येऊन थोडं खोदलं, पाइपाला काहीतरी गुंडाळलं, परत बुजवलं. काय केलं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही कुणाला विचारावं हे आम्हाला माहीत नव्हतं.

त्यानंतर तिने लालीला विकलं. नळाला पाणी आलं तरी बाहेर यायची नाही. गाठी मारायचं काम सुटलं. मी भाकरी नेऊन दिली तर अर्धी खायची. एके दिवशी दुपारी ती माझ्या उंबऱ्यात येऊन बसली आणि आपणहून बोलली.

"सुमन, मला आता कळलं. चांदी मैंदर्गीची व्हती. तिला चांगल्या पाण्याची चव ठावी व्हती, म्हून वाईट कळायचं. लाली हितं जन्मली. तिला ह्येच पाणी. वास यायला आधी वास नसलेलं ठावं लागतंय." मग म्हणाली, "आन् मी बी हितलीच झाले बघ. तांब्या नाकाला लावला व्हता मी. मला वास आला न्हाय."

मी मान हलवली. तिने मला शिकवलं होतं तेवढंच मला येत होतं.

ती मैंदर्गीला परत जायला निघाली, त्या दिवशी तिचा पुतण्या टेंपो घेऊन आला. एक ट्रंक, दोन चादरी, एवढंच नेलं; पातेलं तिने इथंच टाकलं. रेश्मा अजून अशक्त होती, दाराला धरून उभी होती. इराव्वाने तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, "तुला वास आला तर वास हाय. कुणाचं ऐकू नगंस. सासूचं न्हाय, डाक्टरचं न्हाय, माजं तर आजाबात न्हाय." टेंपो गेला तेव्हा तिने मागे बघितलं नाही. पुढल्या थंडीत ती मैंदर्गीत वारली. पुतण्याचा फोन प्रकाशला आला. झोपेत गेली म्हणाला.

गल्लीत आता पाणी दोन दिवसांआड येतं. रोजचं काही झालं नाही, पण लोक खूश आहेत. वरचा मुरूम खचून चराची लांब रेघ परत दिसायला लागली आहे. पाऊस झाला की तिथं पाणी साचतं, आणि वाळलं की कड काळी राहते. बोर्ड अजून उभा आहे, फक्त आकड्यांवरचा रंग उडालाय.

रेश्माला परत दिवस गेले आहेत. मी पाणी उकळते, गाळते, थंड करून तिला देते, आणि ती तांब्या उचलते तेव्हा तिच्या तोंडाकडे बघत बसते. परवा न राहवून मी विचारलं, "वास येतोय का गं?"

तिने पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला, ओठ पुसले.

"नाही आई," ती म्हणाली. "आता नाही येत."